कागद असलेली बाटली

आमच्या घरात काळपट हिरव्या काचेच्या बाटल्या दोन प्रकारच्या होत्या. एक वर छापील कागद असलेली, दुसरी तो कागद काढलेली. कागद असलेली आजाची, ती ओट्यालगतच्या कोनाड्यात. कागद काढलेली शेताची, ती पडवीच्या आढ्याला, मुलांचा हात पोचणार नाही अशी टांगलेली. हा नियम माझ्या आयचा. तिला अक्षर येत नव्हतं, पण कागद आहे की नाही हे बघायला अक्षर लागत नाही, असं ती म्हणायची. नियम इतका सोपा होता की त्यात कधी काही बिघडेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. मी आज शहापूरला राहते, आयुष्यभर परिचारिकेची नोकरी करून निवृत्त झाले आहे, आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीवरसुद्धा 'मीठ' असं लिहिलेलं आहे. सूनबाई हसते. तिला हसू दे.

बाटल्या यायच्या त्या बंगल्यावरून. सिद्धगडाच्या पायथ्याला, मुरबाडची एसटी जिथं माघारी वळते तिथून पाऊण तास चाललं की आमचं गाव, आणि गावाच्या वरच्या अंगाला टेकडी कापून एका मुंबईच्या शेठने बांधलेला बंगला. माझा बा तिथं राखणदार होता. शेठ यंत्रांच्या व्यापारासाठी वर्षातून दोनदा इटलीला जायचा आणि येताना तिथल्या एकाच डोंगराळ मुलखातली वाइन आणायचा. त्या मुलखाचं नाव लांगे. हे नाव मला शाळेतल्या नद्यांच्या नावांआधी पाठ झालं. बंगल्याच्या मागे टेकडीत खोदलेली एक बिनखिडकीची खोली होती, तिच्यात बाटल्या आडव्या झोपवलेल्या असत, बूच ओलं राहावं म्हणून. उन्हाळ्यात बा दिवसातून तीनदा गोणपाटावर पाणी मारायचा. मी एकदाच त्या खोलीत गेले. आत बाहेरचा एकही आवाज येत नव्हता, स्वतःचा श्वास तेवढा ऐकू यायचा, आणि रांगेत निजवलेल्या त्या बाटल्या बघून मला तिथं थांबवेना. मी बाला न सांगता पळत घरी आले आणि आयच्या पाठीशी जाऊन बसले.

शेठ शनिवारी यायचा, रविवारी दुपारी जायचा. उघडलेली बाटली पुढच्या शनिवारपर्यंत उतरून जाते, म्हणून उरलेली तो बाला द्यायचा आणि बा ती आजाला आणून द्यायचा. माझा आजा, म्हणजे बाचा बाप, उमेदीत मोहाची गाळण्यात पंचक्रोशीत नावाजलेला. पहिल्या धारेचा नुसता वास घेऊन फुलं कुठल्या उतारावरची ते सांगायचा म्हणे. शेठच्या कानावर हे गेलं आणि त्याने आजाला बंगल्यावर बोलावलं. आजा पहिल्यांदा गेला तेव्हा त्याने पेला उचलला आणि मोहाची टाकतात तशी एका दमात घशात ओतली. शेठ कळवळलाच. "काका, एकदम नाय प्यायची हो! हिला फेस नाय, घाई नाय. आधी उजेडात बघा. मग हलवा. मग नाक घाला पेल्यात. मग एक घोट, तोही तोंडात घोळवून." आजा घरी येऊन ओट्यावर बसून त्याची नक्कल करायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो. "दारू पियाची का बायको पसंत कराची?" असं म्हणायचा. पण गंमत अशी की नक्कल करता करता त्याला ती सवयच लागली.

शेठने त्याला एक काचेचा पेला दिला होता, बुडाचा टवका उडालेला. रोज दुपारी चारच्या सुमाराला आजा ओट्यावर बसायचा आणि मी त्याला बोटभर ओतून द्यायचे. तो उजेडात धरायचा, हलवायचा, डोळे मिटून हुंगायचा. बार्बेरा नावाची तांबडी त्याला अंबाडीसारखी आंबट लागायची. पांढरी, तिचं नाव आर्नेइस, तिच्यात त्याला कच्च्या पेरूचा वास यायचा, पण ती म्हणजे "तापातल्या माणसाला द्याचा पाणी." पांढरीच्या बाटल्या फिक्या काचेच्या असत, त्या आयने खोबरेल आणि मधासाठी ठेवल्या होत्या. आजाचा जीव होता तो नेबिओलोवर. रंगाने फिकी, विटकरीकडे झुकलेली तांबडी. शेठ सांगायचा की ती द्राक्षं काढतात तेव्हा त्या डोंगरांवर धुकं उतरलेलं असतं. पहिल्या घोटाला आजाने तोंड वाकडं केलं, जीभ टाळ्याला लावून बघितली आणि म्हणाला, "अरं, ही तं हिरडा हाय. हिरड्यावानी जिभंला वढते." शेठ खुर्चीतून उठलाच. पुढल्या खेपेला त्याने ही गोष्ट त्या वाइन करणाऱ्या इटालियन माणसाला सांगितली, आणि तो माणूस म्हणाला म्हणे, हिरडा काय ते मला बघायचं आहे आणि त्या म्हाताऱ्यालाही. दिवाळीनंतर, आपली द्राक्षं आटोपून, तो यायचा होता.

माझ्या आजाला आयुष्यात कुणी परमुलखातून भेटायला आलं नव्हतं. मुरबाडच्या कचेरीत त्याला बाकावर बसायला कुणी सांगितलं नसेल. त्या बातमीने तो बदललाच. रानात जाऊन निवडून निवडून हिरडे आणले, उन्हात वाळवले, एका धुवट फडक्यात बांधून खुंटीला लावले. "त्याला दावीन," म्हणायचा. "म्हणंन, बाबा, तुझ्या दारूत हा हाय." हे वाक्य तो एकटा बसून पुटपुटायचा, शाळेतली मुलं कविता घोकतात तसं.

आता माझं. मला त्या बाटल्यांवरच्या कागदांचं वेड होतं. मी दहावीत होते. एका वहीत मी ते कागद भाताच्या खळीने चिकटवायचे. बाटली रिकामी झाली की आय ती बादलीत भिजवायची, कागद सुटला की मला द्यायची, आणि बाटली शेताकडे जायची. पण त्या भाद्रपदात आजाच्या कोनाड्यात जी नेबिओलो आली तिच्यावर एक चित्र होतं: डोंगर, डोंगरावर पडका बुरूज, खाली वेलींच्या रांगा. अगदी सिद्धगड वाटावा. मला ते हवं होतं, आणि लगेच हवं होतं, कारण आधीची एक चित्राची बाटली बाने कागदासकट शेजारी देऊन टाकली होती. बाटलीत अजून अर्धी वाइन होती. मी ठरवलं की हा कागद काढून घ्यायचा आणि वहीतला जुना, दोनदा आलेला साधा कागद तिच्यावर चिकटवून ठेवायचा. कुणाला कळणारसुद्धा नाही. चोरी म्हणावी एवढंही ते मोठं नव्हतं.

ते दिवस फवारणीचे होते. भात निसवून लोंब्या धरायला लागलेलं, खोडकिडा लागलेला. औषधाचा मोठा डबा मुरबाडहून चारपाच घरांत मिळून आणायचा आणि जो तो आपल्या बाटलीत आपला वाटा घेऊन जायचा, अशी आमच्याकडची रीत. त्यासाठी जाड काचेच्या, घट्ट बुचाच्या या बाटल्यांना फार मागणी होती. औषध तपकिरी, तेलकट. पाण्यात पडलं की सगळं पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. त्याचा वास त्या आठवड्यात घरभर असायचा, बाच्या सदऱ्याला, पंपाला, भाकरीलासुद्धा. दोन दिवसांनी नाकाला तो कळेनासा व्हायचा. रानातून पाखरं हाकणाऱ्यांच्या डब्यांचा आवाज यायचा, तेवढाच. बाकी त्या दिवसांत शिवारात बेडूकही ओरडत नसत. आय कोंबड्यांना टोपल्याखाली कोंडून ठेवायची. आज मागे बघताना वाटतं की सगळं काही आम्हाला सांगत होतं, फक्त आमचं लक्ष नव्हतं.

त्या दुपारी आय कोंबड्यांना जरा मोकळं सोडून शेजारी दळणाला गेली होती. आजा ओट्यावर पेंगत होता. मी कोनाड्यातली बाटली मागच्या दारी नेली, बुचासकट बादलीत उभी केली, आणि कागद सुटेपर्यंत तिथंच उकिडवी बसले. तो अख्खा निघाला. मी बाटली पुसून धुण्याच्या दगडावर ठेवली आणि कागद वहीत दाबायला आत गेले. आत मला वेळ लागला. खळ करायची होती, जुना कागद वहीतून अलगद सोडवायचा होता. मागच्या दारी पंपाचा खडखडाट मी ऐकला. बा पंपात पाणी भरायला आला असेल, एवढंच मनात आलं. कागद लपवलेला असल्यामुळे तो जाईपर्यंत मी बाहेर डोकावलेही नाही. मग गेले. दगडावर एक बिनकागदाची बाटली होती, अर्धी भरलेली. मी तिच्यावर कागद चिकटवला, नीट दाबला, कडेने बाहेर आलेली खळ बोटाने पुसली आणि बाटली कोनाड्यात ठेवली.

झालं होतं ते असं. बाने पंप भरताना आपली औषधाची बाटली त्याच दगडावर ठेवली होती. जाताना त्याने एक बिनकागदाची बाटली उचलली. बिनकागदाची म्हणजे औषधाची, हा नियम. अशा दोन बाटल्या तिथं असू शकतात हे त्याच्या डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं. तो आजाची वाइन घेऊन शेतावर गेला आणि जे मागे राहिलं त्याच्यावर मी माझ्या हाताने, दुप्पट काळजीने, कागद लावला.

चार वाजले. "सुमे, दे गो," आजा म्हणाला. मी ओतलं. कागद ओला होता म्हणून बाटली दोन बोटांनी बुडाशी धरली होती, माझं सगळं लक्ष त्या कागदावर. पेला त्याच्या हातात दिला. त्याने तो उजेडात धरला. नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला. मग हलवला. पेल्यात जे फिरलं ते काचेला चिकटून सावकाश खाली उतरलं. मग त्याने नाक आत घातलं, आणि डोळे मिटायच्या ऐवजी उघडले.

मी त्या क्षणाकडे पुष्कळदा परत जाते. मोहाची पिणारा माझा आजा, शेठ भेटायच्या आधीचा, याने तो पेला एका दमात घशात ओतला असता. ओतलाच असता. आणि मुरबाडला नेईपर्यंतसुद्धा वेळ मिळाला नसता. हे मी परिचारिका म्हणून सांगते आहे, अशी माणसं मी पुढे बघितली.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बाटली उचलली, कागदाची सुटलेली कड अंगठ्याने दाबून पाहिली, अंगठ्याला लागलेली खळ पाहिली. मग माझी बोटं. "हात धू," तो म्हणाला. "साबनानं. आधी हात धू." त्याने उठून पेला ओट्याच्या मागे, राखेच्या ढिगाऱ्यापलीकडे रिकामा केला आणि परत येऊन बसला, रिकामा पेला हातात धरून.

तेवढ्यात बांधावरून बा धावत येताना दिसला. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात ती दुसरी बाटली. त्याने पंपात झाकणभर ओतलं होतं आणि पाणी पांढरं व्हायच्या ऐवजी गुलाबी झालं होतं. ओढा, दोन शेतं आणि चढण तो कसा आला त्याचं त्याला माहीत. "प्यालास? बाबा, प्यालास?" एवढंच.

"नाय प्यालो," आजा म्हणाला.

"कोनी केला ह्या? कोनी लावला कागद?"

मी दारात उभी होते. धुतलेले हात ओले होते. मी तोंड उघडलं असेल, मला खरंच आठवत नाही. आजा म्हणाला, "मी लावला. कागद भिजून पडलेला, मी दुसऱ्या बाटलीला लावला. ध्यानात नाय आला माझ्या."

बा आधी रडला. मग उठला आणि आजाच्या हातातला पेला काढून घेतला. "तुझा डोका ठिकानावर ऱ्हायला नाय," तो म्हणाला. "आजपासून घरातल्या कशाला हात लावाचा नाय. उद्या पोरांना पाजशील." पेला आढ्यावर गेला. संध्याकाळी दळण घेऊन आय आली तेव्हा राखेच्या ढिगाऱ्यापलीकडे तीन कोंबड्या पडल्या होत्या, चोची उघड्या, पाय ताणलेले. बाने त्या पुरल्या. एकेकीला उचलताना तो आजाकडे बघत होता, आणि आजा खाली.

त्यानंतर घर आजाशी वेगळं वागू लागलं. आय चहा त्याच्या हातात द्यायची आणि संपेपर्यंत उभी राहायची. काडेपेटी लपवली. शेजारी बोलताना आवाज खाली आणायचे. दोन महिन्यांपूर्वी ज्याच्या नाकाची गोष्ट इटलीपर्यंत गेली होती तो माणूस आमच्या ओट्यावर जपून ठेवलेल्या खुळ्यासारखा बसला. मी सांगणार होते. आज सांगू, उद्या सांगू. पण प्रत्येक दिवसाबरोबर ते सांगणं अवघड होत गेलं, कारण आता कागदाबरोबर गप्प बसल्याचाही गुन्हा सांगावा लागला असता.

दिवाळीनंतर तो इटालियन आला. उंच, उन्हाने रापलेला, हाताला घट्टे असलेला शेतकरीच होता. मला पाहुण्यांना पाणी द्यायला बंगल्यावर नेलं होतं. सकाळी आजाने खुंटीवरचं हिरड्याचं गाठोडं काढून हातात घेतलं आणि धुवट धोतर नेसून तो तयार झाला. बा म्हणाला, "तू नाय याचा. तिथं काय करशील, काय नाय. माझी नोकरी हाय." आजाने गाठोडं परत खुंटीला लावलं. बंगल्यावर पाहुण्याने दोनदा विचारलं, शेठने आम्हाला ते मराठीत सांगितलं, तो हिरडेवाला म्हातारा कुठं आहे? बा म्हणाला, "त्याला बरा नाय, शेठ. डोक्याचा हाय." शेठ हळहळला. मी पाण्याचं तबक धरून तिथंच होते, तीन हातांवर. एक वाक्य पुरलं असतं. मी तबक खाली ठेवलं आणि बाहेर आले.

आजा पुढच्या पावसाळ्यात गेला. मला तो कधी एका शब्दाने बोलला नाही. गाठोडं खुंटीवरून काढलं तेव्हा हिरड्यांना भुंगा लागला होता, आत नुसती पूड. मी त्या वर्षी शहापूरला मामाकडे शिकायला आले आणि गावी फारशी गेले नाही. अभ्यासाचं कारण सांगायचे. खरं कारण तो ओटा होता.

आय गेल्यापासून बा माझ्याकडे असतो. ऐंशी ओलांडली त्याने. चष्मा विसरतो, सूनबाईला माझ्या नावाने हाक मारतो, आणि प्रत्येक वेळी घाबरून म्हणतो, "झाला सुरू. बाबाचाच रोग हा. आमच्या घरातच हाय." भीतीने तो चार चार दिवस जेवत नाही. माझ्या आजाला कसलाही रोग नव्हता हे जगात एकट्या मला माहीत, आणि माझा बाप त्या नसलेल्या रोगाच्या भीतीने वाळत चाललेला. म्हणून मी हे लिहायला घेतलं. गेल्या रविवारी सकाळी त्याच्यासमोर बसून सगळं वाचून दाखवलं, वहीतला तो बुरुजाचा कागदही दाखवला. मला वाटलं होतं त्याचा जीव हलका होईल, तो मला शिव्या देईल, आणि मग आम्ही दोघं सुटू.

त्याने कागदावरच्या डोंगरावरून बोट फिरवलं. "म्हंजी म्हातारा शाना होता," तो म्हणाला. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघून, "न मी त्याच्या हातातला पेला काढून घेतला गो."

मी त्याच्यासाठी चहा करून आणला. त्याने कप घेतला, खिडकीकडे धरला, थोडा हलवला, नाकाशी नेला, आणि मग माझ्याकडे बघत एक घोट घेतला. त्या दिवसापासून तो रोज तसंच करतो.